कोपऱ्यातलं नळकांडं

टॉवेल वाळत घालायला सूर्यभान खिल्लारेनं अंगणातल्या तारेला हात लावला आणि तो एकदम खाली बसला. बसलो, असं तो नंतर सांगत राहिला. खरं तर त्याला कुणीतरी बसवलं होतं. बोटांपासून दंडापर्यंत एक हिसका गेला, दातांवर दात आपटले, तोंडात कळकलेल्या ताकाची चव आली. टॉवेल तारेवर तसाच लोंबत राहिला. समोरची भिंत, भिंतीपलीकडचा लिंब, लिंबावरचा कावळा, सगळं जिथल्या तिथं होतं. पण एक क्षण, अगदी एकच क्षण, सूर्यभानला वाटलं की आपल्या आतून कुणीतरी गेलं. बाहेरून येऊन लागलं नाही, आतून गेलं. घाईत, आपल्याकडे मान वळवूनही न बघता. वाटेत घर लागलं म्हणून एका दारानं शिरून दुसऱ्या दारानं निघून जावं, तसं. मे महिन्यातली सकाळ होती, आठही वाजले नव्हते, पण परभणीचं ऊन तेवढ्यातच डोक्यावर येऊन बसलं होतं. त्याच्या ओल्या तळव्यांखाली अंगणातली काळी माती भेगाळली होती आणि त्या भेगांत पाय घट्ट रोवून तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. हात आपलाच आहे याची त्याला खात्री करून घ्यायची होती.

स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई, सरजाबाई, पिठाचे हात तसेच धरून उभी होती. ती घाबरलेली दिसली नाही. "तुला बी धरलं व्हय?" तिनं विचारलं. सूर्यभानला आधी 'धरलं' कळलं आणि मग 'बी' कळलं. "म्हणजे तुला धरलं होतं?" "पंधरा दिस झाले की. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मंग एकदा लुगडं टाकायले गेले तर हातच सोडंना. तवापसून काडीनं टाकायलेय." तिनं कोपऱ्यातल्या बांबूच्या काडीकडे हनुवटीनं दाखवलं. पंधरा दिवस ती काडी तिथं उभी होती, सूर्यभान तिच्याशेजारी रोज दात घासत होता, आणि म्हातारीनं तिथं काडी का ठेवलीय हे विचारायला त्याला फुरसत झाली नव्हती. "मला सांगितलं का नाहीस, आई?" "काय सांगू? तू म्हनशील, म्हातारीला काहीबाही व्हायलंय." आणि तो तसंच म्हणाला असता, हे त्यालाही ठाऊक होतं. ओलं लुगडं, अनवाणी पाय, साठीला टेकलेलं शरीर.  तो धावत ओसरीवर गेला आणि मेन स्विचचा दांडा खटकन खाली ओढला. माजघरात फिरत असलेला पंखा हळूहळू थांबला, आणि घरात एवढा आवाज पंख्याचाच होता हे तेव्हा कळलं.

सूर्यभान हायस्कुलात आठवी-नववीला सामान्य विज्ञान शिकवायचा. विजेचा धक्का म्हणजे काय हे तो आईला एक भाकरी थापून होईपर्यंत समजावून सांगू शकला असता, आणि त्यानं सांगितलंही. प्रवाह, रोध, ओल्या त्वचेतून वाहणारी वीज. कुठंतरी वायर जुनी झाली असेल, लोखंडाला टेकली असेल. छपरावर ज्या लोखंडी नळातून बाहेरची वीज घरात येते, त्याच नळाच्या बुडाशी ही कपड्यांची तार बांधलेली आहे, म्हणून तार धरते. सरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी उलटली. मग तिनं एकच प्रश्न विचारला. "आन् इतके वर्सं त्या बाईला कामून न्हाई धरलं?" तार तीच, नळ तोच, अंगण तेच, बाई म्हणजे घराची जुनी मालकीण पार्वतीबाई, तीही म्हातारी, तीही ओलं लुगडं तारेवर टाकणारी. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. म्हणजे असेल, पण ते सूर्यभानला ठाऊक नव्हतं, आणि मास्तराला ठाऊक नसलेलं उत्तर मास्तर फार वेळ सोसू शकत नाही. तो नुसताच "योगायोग" म्हणाला. 'योगायोग' हा शब्द तो वर्गात पोरांना वापरू देत नसे.

हे घर पेशकारांचं. निजामाच्या कचेरीत ते पेशकार होते, राज्य गेलं तरी गावानं त्यांना पेशकारच ठेवलं. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी घरात वीज घेतली. त्या वेळचं सगळं अजून तसंच होतं: पितळी टोपीची गोल बटनं, भिंतींवरून चालत गेलेल्या लाकडी पट्ट्या, काही खोल्यांतून लोखंडी पाइप, छतातून पीळ घातलेल्या कापडी वायरला लोंबणारे दिवे. सूर्यभानची दोन्ही पोरं पहिले आठ दिवस ती बटनं खालीवर करण्यासाठी भांडत होती. आता ती आपल्या आईबरोबर, कुसुमबरोबर, सेलूला आजोळी गेली होती, म्हणून तारेखाली खेळत नव्हती. या विचारापाशी सूर्यभान सकाळपासून तीनदा जाऊन परत आला होता. पेशकार वारल्यावर मुलानं पार्वतीबाईंना पुण्याला न्यायचं ठरवलं आणि घर विकायला निघालं. खिल्लारेला घर द्यायचं म्हटल्यावर गल्लीत जरा कुजबुज झाली. पार्वतीबाईंनी ती एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिली. ताबा देताना त्यांनी सगळं घर फिरून दाखवलं. ही खिडकी पावसाळ्यात फुगते, इथं फडताळाला उंदराचं बीळ आहे, या उंबऱ्याला नवा माणूस हमखास ठेचकाळतो. सरजाबाई त्यांच्या मागोमाग, चार पावलं अंतर ठेवून. मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बोलत बसल्या. बायकांचं काय बोलणं असतं, म्हणून सूर्यभान ओसरीवर सह्यांचे कागद बघत बसला.

निघायच्या आधी पार्वतीबाई त्याला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या होत्या. तिथं जमिनीतून वीतभर लोखंडी नळकांडं वर आलं होतं. तोंड वर, नरसाळ्यासारखं पसरट. त्याला हळदीकुंकू लावलेलं होतं, थरावर थर, इतके की लोखंड दिसत नव्हतं. वर सुकलेलं तगरीचं फूल. "इथं रोज तांब्याभर पाणी घालायचं, खिल्लारे. उन्हाळ्यात दोन तांबे. वर्षातून एकदा मूठभर मीठ. चुकवायचं नाही. ह्यांनी कधी चुकवलं नाही, मीही चुकवलं नाही." सूर्यभान "बरं" म्हणाला. मनात आधीच ठरवून बसलेला माणूस जसं म्हणतो, तसं. दुसऱ्याच दिवशी त्यानं मागची एक शहाबादी फरशी ओढत आणली आणि त्या नळकांड्यावर आडवी टाकली. बूड नीट बसावं म्हणून बाजूनं विटांचे तुकडे लावले. घरमालक म्हणून त्यानं केलेलं ते पहिलं काम. सरजाबाई दारात उभी राहून बघत होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, हे त्याला आता आठवलं. तेव्हा तो तिच्याकडे बघून हसला होता. आपण दोघं एका बाजूचे आहोत, असं ते हसणं होतं.

कारण गंगेवरची, म्हणजे गोदावरीवरची, ती सकाळ दोघांची होती. सत्तावन सालचा उन्हाळा, सूर्यभान सोळा वर्षांचा, औरंगाबादच्या वसतिगृहातून सुटीला आलेला, डोक्यात नवं वारं. गावातल्या, पालममधल्या, त्यांच्या सगळ्या घरांनी बुद्धाची दीक्षा घेतली होती. त्यानं घरातले देव, टाक, कवड्यांची माळ, शेंदूर फासलेले गोटे, सगळं एका पाटीत गोळा केलं. बाप लिंबाजी ओट्यावर बिडी ओढत बसून राहिला, हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पाटी सरजाबाईच्या डोक्यावर. पालमपासून गंगेपर्यंतची वाट, फुफाटा, आणि आईची ताठ मान. पाण्यात कमरेएवढं उतरून तिनं पाटी पालथी केली. दगड बुडाले.  त्यानंतर आठ-पंधरा दिवस सूर्यभान वाट बघत राहिला. हे त्यानं कुणालाही कधी सांगितलं नाही. शेळी खोकली की तो दचकायचा, बापाला ताप चढला की रात्री उठून त्याचं कपाळ चाचपायचा. आता होईल, आज होईल. काहीही झालं नाही. शेळी व्यायली, बाप बरा झाला, सूर्यभान पहिल्या वर्गात पास झाला. काहीही झालं नाही, ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई होती. पुढची सतरा वर्षं तो तिच्यावर उभा होता. वर्गात, सभेत, लग्नाच्या मांडवात, कुणी वाद घातला की तो शांतपणे एवढंच सांगायचा: आम्ही टाकले, काही झालं नाही. आणि आज सकाळी काहीतरी झालं होतं. त्याच्या स्वतःच्या अंगात झालं होतं. फरशी टाकल्याला सात महिने उलटले होते.

दुपारी घर तव्यासारखं तापलं. मेन बंद, पंखा बंद. सरजाबाईनं आपलं गाठोडं बांधायला घेतलं: दोन लुगडी, चंची, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. "सकाळच्या यष्टीनं पालमला जाते," ती म्हणाली. "आई, मिस्त्रीला निरोप धाडलाय. आज येतो म्हणालाय. सगळं नवं करून घेऊ." "कर की. तुजं घर हाय." "मग जातेस कशाला?" तिनं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "त्या बाईनं सांगून गेलेलं आपन केलं न्हाई, सूर्यभान. घर घेतलं आन् घराचं आयकलं न्हाई. आता घर आपल्याला घेत न्हाई. मला हितं झोप लागंना." सूर्यभान उठून उभा राहिला. त्याला राग आला, पण रागाखाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते त्याला बघायचं नव्हतं. "तू पुन्हा तिकडंच चाललीस का?" त्याचा आवाज चढला. "कुनीकडं?" "देवाकडं!" सरजाबाईनं त्याच्याकडे बघितलं.  मग सूप ओढून घेऊन ती तूर निवडायला बसली, आणि सुपाच्या आवाजाखेरीज घरात काही उरलं नाही.

आईला देव परत सापडला आणि मी एकटा पडलो, असं त्याला वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिचं खरं असेल तर? खडू हातात धरून हजार वेळा ज्या जगाबद्दल तो बोलला होता ते जग कोरडं, सरळ, रेघांचं होतं. त्यात कुणी कुणावर रुसत नव्हतं. पण सकाळी जे त्याच्यातून गेलं ते रेघांतलं वाटलं नव्हतं. त्याला घाई होती. त्याला कुठंतरी जायचं होतं. सूर्यभानला आपल्या हातात तांब्या आहे हे कळलं तेव्हा तो माठापासून अंगणापर्यंत चालत आलेला होता. रणरणत्या उन्हात, भरल्या तांब्यासकट, फरशीपुढे. आजूबाजूला कुणी नव्हतं. फरशी हातभर सरकवायची, ओतायचं, सरकवून ठेवायची. कुणाला कळलं असतं? त्याचं काळीज सोळा वर्षांच्या पोराचं झालं होतं. तो तसाच उभा राहिला. मग त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, घटाघटा, तहान नसताना. शर्ट भिजला. ओसरीवर परत आला तेव्हा त्याला स्वतःची एवढी लाज वाटत होती की आईसमोर बसवेना.

पंडित मिस्त्री ऊन कलल्यावर आला. पूर्णेला रेल्वेत वायरिंग शिकलेला, बुटका, तोंडात कायम सुपारी, बोलताना भिंतीकडे बघून बोलायचा. त्यानं कुणाला काही न विचारता शिडी लावली आणि लाकडी पट्टीचं झाकण पेचकसानं उचललं. आत दोन वायरी शेजारी शेजारी निजल्या होत्या. त्यानं एक बोटात धरून जरा वाकवली तर वरचं कापड भुग्यासारखं झडलं आणि आतलं रबर तुकडे तुकडे होऊन ओसरीवर पडलं, तांबं उघडं. "गेली," पंडित म्हणाला. पाइपातली ओढून काढली, तिचीही तीच गत. "समदं बदलायचं सर. एक वीत ठेवायजोगी न्हाई." पण तो नाराज दिसेना. पट्ट्यांचे कोपरे, स्क्रूंची ओळ, वळणावर घातलेला जोड, सगळ्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "काम मात्र लय तसल्लीनं केलेलं हाय. कोन होता कोन जाणे." मग छपरावरचा नळ आणि खोल्यांतले पाइप जिथं येऊन मिळत होते, त्या मेनच्या लोखंडी पेटीखाली तो वाकला आणि थांबला. "अर्थिंग कुठंय ह्याचं?"

सूर्यभानच्या डोळ्यांसमोर फळा आला. तीन आडव्या रेघा: वरची लांब, मधली आखूड, खालची त्याहून आखूड. 'हे भूसंपर्कन, लिहून घ्या.' दरवर्षी तो त्या काढायचा, दरवर्षी पोरं लिहून घ्यायची, परीक्षेत अर्धा गुण. त्याच्या गावात वीज नव्हती, शाळेच्या प्रयोगशाळेत बटन होतं पण वायर आलेली नव्हती. त्या तीन रेघा जगात कशा दिसतात हे त्यानं कधी बघितलं नव्हतं आणि बघावंसं वाटलंही नव्हतं. पंडित पेटीखालून निघालेली एक उघडी तार नखानं उकरत होता. चुन्याच्या हातांखाली ती भिंतच होऊन गेली होती. तो उकरत उकरत खाली आला, जोत्यावरून उतरला, भिंतीच्या कडेकडेनं अंगण ओलांडत गेला, आणि तार जिथं जमिनीत गेली तिथं फरशी होती. सूर्यभान त्याच्यामागं चालत होता. शेवटची चार पावलं त्याला सगळं आधीच कळलेलं होतं.

पंडितनं फरशी उचलून बाजूला केली. कुंकू अजून तसंच होतं, फक्त काळवंडलेलं. नळकांड्याच्या तोंडात कोळ्याचं जाळं, आणि भोवतीची माती त्याला सोडून दोन बोटं मागं सरकलेली. "हे कुनी झाकलं?" "मी." "कामून?" सूर्यभान खिल्लारे, सामान्य विज्ञान, इयत्ता आठवी-नववी, याला खोटं बोलता आलं नाही. "मला वाटलं, देव आहे." पंडित हसला नाही. त्यानं पेचकसानं कुंकवाचे थर खरवडले. खाली लोखंड निघालं आणि लोखंडाला पिळून बसवलेली ती तार. "देव न्हाई सर, प्लेट हाय. खाली पुरुषभर खड्ड्यात तांब्याची प्लेट, भवती कोळसा आन् मीठ. करंट कुठं गळाला तर त्याला जमिनीत जायचं असतंय. वाट गावली न्हाई की तार, नळ, मानूस, जे भेटंल त्याच्यातून जातोय. आन् आपली ही काळी जमीन, उन्हाळ्यात तडकती, प्लेटीला सोडून देती. म्हनून रोज पानी. ज्यानं काम केलं त्यानं सांगितलं आसंल बाईला." "पण वायरी तर आता खराब झाल्यात ना?" "आता? दहा वर्सं झाली आसतील. गळत व्हतंच की. गळायचं आन् हितं जिरायचं. ती बाई पानी घालत ऱ्हायली म्हनून ह्या घरात कुनी मेलं न्हाई."

सूर्यभान जोत्यावर बसला. वीस-बावीस वर्षं, रोज एक तांब्या. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात सगळं गाव घागरीभर पाण्यासाठी ताटकळलं होतं तेव्हाही, स्वतःच्या पिण्यातलं, या नळकांड्यात एक तांब्या. बाईला प्लेट ठाऊक नव्हती, रोध ठाऊक नव्हता, तीन रेघा ठाऊक नव्हत्या. तिनं विश्वासानं कुंकू लावलं आणि पाणी ओतलं. त्यानं ज्ञानानं फरशी टाकली आणि आईच्या हाताशी मरण आणून ठेवलं. त्याला भीती वाटली, आणि भीतीबरोबर दुसरंही काही आलं. एवढी मोठी गोष्ट आपल्या अंगणात होती, आणि आपल्याला तिच्यावर फक्त कुंकू दिसलं.

"बघायचं का?" पंडित म्हणाला. त्यानं घरातल्या सगळ्या वायरी मेनपासून सोडवून टाकल्या, पिशवीतून होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब काढला, त्याची एक वायर मेनच्या पेटीत लावली आणि दुसरी लांब सोडत आणून नळकांड्याच्या तारेला पिळली. "लांब ऱ्हावा. आजी, पायाखाली पाट घ्या." सरजाबाई दारात येऊन उभी राहिली होती, ती पाट घेऊन आली. दिवेलागण झाली होती; गल्लीतल्या घरांतून एकेक दिवा लागत होता, फक्त हे घर अंधारलेलं. पंडितनं दांडा वर केला. काही झालं नाही. मग नीट बघितल्यावर बल्बच्या पोटात एक तांबडी तार दिसली, विझत आलेल्या निखाऱ्याएवढी. "जमीन कोरडीठाक हाय," तो म्हणाला आणि दांडा पाडला. "वता पानी."

सरजाबाईनंच ओतलं. पाटावर उभं राहून, घागर कमरेवरून कलती करून, धार नळकांड्याच्या तोंडात. आत खोल कुठंतरी गुडगुड झाली. भेगांतून हवेचे बुडबुडे आले आणि मातीचा वास वर आला. एक घागर गेली. पंडितनं दांडा वर केला: तार थोडी पिवळी झाली. दांडा खाली, दुसरी घागर. तिसरी. जमीन पीतच होती, एवढी की सूर्यभानला वाटलं हिला बूडच नाही. चौथ्या घागरीनंतर पंडितनं थोडा वेळ जाऊ दिला, सुपारी या गालातून त्या गालात केली, आणि दांडा वर केला. बल्ब उजळला. आधी पिवळा, मग भरत भरत, बघता बघता पांढरा. ओसरी दिसली, अंगण दिसलं, लिंबाचा बुंधा दिसला, आईचं तोंड दिसलं. "ह्याची दुसरी वायर कुठंय?" सरजाबाईनं विचारलं. "ही काय," पंडितनं पायानं जमीन थोपटली. "जमीनच दुसरी वायर." सूर्यभानला ठाऊक होतं. त्याला अगदी बरोबर ठाऊक होतं, आणि तरी तो पायाखालच्या जमिनीकडे बघायला लागला. या अंगणाखालून, गल्लीखालून, शाळेच्या पटांगणाखालून, मशिदीखालून, बाजाराखालून, कापसाच्या रानांखालून, कुठल्या कुठं रोहित्राजवळ पुरलेल्या दुसऱ्या एका प्लेटीपर्यंत, अंधारात, कुणाची परवानगी न विचारता ते जात होतं, आणि त्या जाण्यातला हा एवढासा तुकडा त्याच्यासमोर काचेत उजळला होता. सकाळी हेच माझ्यातून गेलं. माझ्यावर रुसून नाही, मला ओळखून नाही. त्याला जमिनीकडे जायचं होतं आणि मी मधे उभा होतो. एवढ्या मोठ्या गोष्टीनं आपल्याला ओळखलं नाही, याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदा भयही वाटलं नाही आणि दुःखही नाही. त्याला नुसतं थक्क होऊन बघत राहावंसं वाटलं.

पंडितनं दांडा पाडला, उद्या सकाळपासून कामाला लागतो म्हणाला, तोवर मेन बंदच ठेवा म्हणाला, आणि सायकल काढून गेला. घरात कंदील लागला. सरजाबाई अजून पाटावरच उभी होती, रिकामी घागर कमरेवर. सूर्यभान तिच्याजवळ गेला. "आई, तुला हे सगळं ठाऊक होतं?" "मला काय ठाऊक आसनार? मी काय शाळंत गेले?" "मग दुपारी मी देव म्हणालो तेव्हा बोलली का नाहीस?" "तू काय इचारत व्हतास व्हय? तू तर वरडत व्हतास." तिनं घागर खाली ठेवली. "सैपाकघरात त्या बाईनं माजा हात धरला आन् म्हनली, सरजाबाई, तेवढ्या जागंला लय तहान लागती बगा, तुमी घालत जावा. माजा हात धरला तिनं. देवाबिवाचं काई म्हनली न्हाई. म्या घालीन म्हनलं. आन् दुसऱ्या दिशी तू फरशी टाकली."  तिच्या आवाजात राग नव्हता, पण काहीतरी फार जुनं होतं. "सूर्यभान, तू लहान व्हतास. पाटलाच्या हिरीवर म्या घागर घिऊन बसायची, दिस उगवल्यापसून. कुनी वरून वतंल तवा भरायची. येनारे-जानारे बगायचे आन् जायचे. समद्यांला वाटायचं ही काय, हिचं रोजचंच हाय. मला ठाऊक हाय तहानंलं बसनं. तहानंल्याला पानी घालायला देव लागतोय व्हय रं?"

  सूर्यभानसमोर त्याची आई उभी होती, पाय चिखलात, पदर भिजलेला, आणि इतकी वर्षं तिला आपण आपल्या बाजूची समजत आलो पण तिची बाजू कुठली हे कधी बघितलंच नाही, हे त्याला कळलं. अंगणातल्या त्या दिव्यापुढे जसं थक्क व्हायला झालं होतं तसंच, त्याहून जास्त, त्याला तिच्यापुढे झालं.

"न्हाई लागत, आई," तो म्हणाला. मग चाचरत त्यानं विचारलं, "आन् सकाळची यष्टी?"

"मी गेल्यावर हितं पानी कोन घालील? तू? तू तर फरशा टाकनारा." सरजाबाईनं पायानं घागर त्याच्याकडे सरकवली. "हुबा काय ऱ्हायलास? भरून आन. अजून पियाला लागलीया ती."